पहिलं किट कोणतं? तीन डोलकाठ्यांच्या आधी एक उघडी होडी

दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून एका शिक्षकांनी विचारलं आहे. त्यांचे वडील सुतारकाम करायचे, हत्यारं घरात आहेत, सागवानाच्या चार पाट्याही पडून आहेत. त्यांना लाकडी जहाजाचं पहिलं मॉडेल करायचं आहे आणि समोर तीन पर्याय आहेत: १:१०० प्रमाणातली तीन डोलकाठ्यांची एचएमएस व्हिक्टरी, १:४०० चं प्लास्टिकचं टायटॅनिक आणि मावसभावाने सुचवलेली वल्ह्यांची एक साधी होडी. ते लिहितात, "काका, होडी करून काय शिकायला मिळणार? आणि किटमधल्या लाकडाऐवजी घरचं सागवान वापरलं तर चालेल का?" काम उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरू करायचं आहे.

भाऊ, मावसभावाचं ऐका. होडी घ्या. कारणं सांगतो, आणि जरा लांबवर सांगतो, कारण पहिल्या किटमध्ये हात पोळलेली आणि पुन्हा त्या वाटेला न गेलेली बरीच माणसं मी पाहिली आहेत.

माझंही पहिलं किट तीन डोलकाठ्यांचंच होतं. एका मोठ्या शहरातल्या दुकानाने "नवशिक्यांसाठी" म्हणून पाठवलं होतं. कणा, म्हणजे सांगाड्याच्या मधली लांब मुख्य पाटी, मुळातच वाकडा होता, ते मला कळलं नाही. भर पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये मी फळ्या बसवल्या. त्या घट्ट बसल्या, छान दिसल्या. पुढच्या मे महिन्यात दोन फळ्यांमधून पोस्टकार्डाची कड आरपार जाईल एवढ्या फटी पडल्या. ते सांगाडं चार वर्षं माळ्यावर पडून राहिलं. त्यानंतर मी वीतभर लांबीची एक होडी केली, आणि हे काम मला त्या होडीने शिकवलं.

आधी व्हिक्टरी म्हणजे काय ते बघा. १७६५ साली पाण्यात उतरलेलं, १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सनचं ध्वजजहाज असलेलं, आज पोर्ट्समथला जतन केलेलं जहाज. तोफा १०४. १:१०० मध्ये पुढे आलेल्या काठीसकट मॉडेल जवळपास मीटरभर लांब होतं. ते ठेवायला घरात जागा आहे का, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न दोरीचा. डोलकाठीवर चढायला खलाशांना दोरांच्या शिड्या असत, त्यांच्या पायऱ्यांमधलं अंतर साधारण ३८ सेंटिमीटर. १:१०० मध्ये ते पावणेचार मिलिमीटर होतं. तेवढ्या अंतरावर प्रत्येक उभ्या दोरीला एक गाठ, आणि अशा गाठी हजारोंच्या घरात. काम अशक्य नाही, पण ते एकाच हालचालीचं पुन्हा पुन्हा केलेलं काम आहे. तोफांचंही तेच: एक गाडा करताना आनंद होतो, तिसाव्या गाड्याला फक्त मान दुखते. आणि हे सगळं येतं फळ्या नीट बसल्यानंतर. तिथपर्यंत पोहोचायच्या आतच बहुतेकांचं पहिलं मोठं किट थांबतं.

त्यामुळे पहिल्या किटकडून एकच अपेक्षा ठेवा: त्याने तुम्हाला फळी बसवायला शिकवावं. लाकडी जहाजाच्या कामात बाकीचं सगळं हळूहळू जमतं. फळीचं गणित आधी डोक्यात आणि मग बोटांत उतरलं नाही, तर पुढचं काहीच सरळ होत नाही.

हे गणित आपल्याकडच्या माणसाला समजवायला सोपं आहे. संत्रं सोला आणि एक फोड हातात घ्या. मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती. संत्रं गोल दिसतं ते फोडींचा आकार तसा आहे म्हणून. सगळ्या फोडी पट्टीसारख्या एकाच रुंदीच्या असत्या तर गोळा झालाच नसता. जहाजाचं अंगही तसंच, मध्ये पोट आणि नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, निमुळतं. किटमध्ये मात्र फळ्या म्हणून येतात त्या सरळ, एका रुंदीच्या पट्ट्या. नवशिका माणूस त्या आहेत तशा चिकटवत जातो. चार-पाच पट्ट्यांनंतर नाळेशी त्या एकमेकींवर चढू लागतात, आणि मग तो त्या जोर लावून कडेच्या बाजूने वाकवायला बघतो. पट्टी चपट्या बाजूने वाकते, कडेच्या बाजूने वाकत नाही. ती पिळवटते, एक कड वर उचलते.

म्हणून फळी लावण्याआधी मोजायचं. कण्यावर आडव्या बसवलेल्या पाट्या म्हणजे फासळ्या. समजा मध्यभागच्या फासळीवर कण्यापासून वरच्या काठापर्यंतचा घेर ९० मिलिमीटर आहे आणि पट्टी ५ मिलिमीटर रुंद. म्हणजे एका बाजूला १८ फळ्या. आता नाळेशी तोच घेर मोजा. तो ५४ आला, तर त्याच १८ फळ्यांना तिथे प्रत्येकी ३ मिलिमीटरच जागा आहे. म्हणजे प्रत्येक फळी मध्ये ५ आणि नाळेकडे जाता जाता ३, अशी निमुळती करून घ्यायची. प्रत्येक फासळीवर असं मोजून पेन्सिलीने खुणा करा, फळ्या आपोआप जागच्या जागी बसत जातात. निम्म्याहून जास्त मात्र कोणतीही फळी निमुळती करायची नाही. टोक फार बारीक झालं की ते तुटतं, आणि खऱ्या जहाजात तिथे खिळाही धरत नसे. जागा त्याहून कमी असेल तर दोन फळ्यांचं एका फळीत रूपांतर करायचं. मागच्या बाजूला बऱ्याचदा उलटं होतं, घेर वाढतो, तिथे पाचरीसारखी जादा फळी घालावी लागते. हे वाचायला अवघड वाटेल. एका होडीच्या दोन बाजू केल्या की ते हातात बसतं.

तीन डोलकाठ्यांच्या जहाजात हे गणित पन्नास-साठ फळ्यांवर करायचं असतं, आणि चूक झाली तर ती दुसऱ्या थराखाली, रंगाखाली लपवता येते. लपवता येते म्हणून माणूस ती सुधारत नाही. उघड्या होडीत आत-बाहेर दोन्हीकडून फळी दिसते. म्हणून ती चांगली गुरू आहे. आणि "होडीत काय मजा" म्हणाल, तर आमच्याकडे नवेगावबांधच्या तलावावर ढिवरांचे (मासे पकडणाऱ्यांचे) डोंगे एकदा काठावर बसून बघा. एवढ्याशा वस्तूत किती विचार असतो ते दिसेल.

नाव घेऊनच सांगतो. अमेरिकेच्या मॉडेल शिपवेज कंपनीची तीन किटं एका मालिकेत आहेत, डेव्हिड अँटशर्ल यांनी मुद्दाम शिकणाऱ्यांसाठी आखलेली. पहिली १:२४ ची ग्रँड बँक्स डोरी: सपाट बुडाची, मोजक्या रुंद फळ्यांची मासेमारी होडी. मोठ्या जहाजाच्या डेकवर अशा होड्या एकात एक रचून नेत आणि कॉड मासा पकडायला समुद्रात सोडत. दुसरी १:१२ ची नॉर्वेजियन प्राम, हीही एक छोटी होडीच; तिच्यात एका फळीची कड दुसरीवर चढवायची असते आणि बाक वाढतो. तिसरी १:२४ ची लॉब्स्टर पकडायची एका डोलकाठीची नाव, तिच्यात मोठ्या जहाजासारख्या फासळ्यांवरच्या फळ्या आणि थोडं दोरकाम येतं. पायरीपायरीने चढवत नेणारी अशी दुसरी मालिका मला माहीत नाही. १:२४ म्हणजे माणूस साधारण सात सेंटिमीटरचा. वल्हं, बसायची फळी, दोरीची गुंडाळी, सगळं बोटांत धरता येतं. १:१०० मध्ये तोच माणूस पावणेदोन सेंटिमीटरसुद्धा भरत नाही.

होडी फारच छोटी वाटत असेल तर एका डोलकाठीचं जहाज घ्या, त्याच्या पलीकडे जाऊ नका. स्पेनच्या ऑक्रे कंपनीचं पोलॅरिस हे १:५० चं किट नवशिक्यांसाठी आहे आणि ऑक्रे आपल्या किटांचे टप्प्याटप्प्याचे व्हिडिओ फुकट दाखवते. खेड्यात शेजारी विचारायला कोणी नसतं, तिथे याचा फार उपयोग होतो. कुठलंही किट बघताना फासळ्या मोजा. ४० सेंटिमीटरच्या सांगाड्याला दहाएक फासळ्या हव्यात. पाच-सहाच असतील तर त्यांच्यामध्ये फळ्या सपाट पडतात आणि जहाज कोनाकोनाचं दिसतं. पूर्ण मापाचा नकाशा पेटीत आहे का हे विचारा. नुसते फोटो असतील तर नको. आणि बाजारात फार स्वस्तात मिळणारी, दुसऱ्याच्या आराखड्याची नक्कल करून लेसरने कापलेली किटं घेऊ नका. आराखडा करणाऱ्याने त्यात वर्षं घातलेली असतात, हे एक. शिवाय नक्कल करताना खाचा अर्ध्या मिलिमीटरने चुकतात, आणि नवशिक्याला वाटतं आपलाच हात चुकला.

आता सागवान. तुमचा प्रश्न मला मनापासून आवडला. आपल्या भागाला सागाचा अभिमान आहे, आलापल्लीच्या जंगलाचा साग तर देशभर जातो. सागाची जहाजंही झाली आहेत. एचएमएस ट्रिंकोमाली ही फ्रिगेट (शिडाची युद्धनौका) मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारच्या सागात बांधली गेली, १८१७ साली पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. सागात तेल असतं, त्यामुळे तो लवकर कुजत नाही, आणि ओक लाकडासारखा लोखंडी खिळ्यांना खातही नाही. खऱ्या जहाजाला साग सोन्यासारखा.

मॉडेलला मात्र तो चालत नाही, आणि त्याचं कारण त्याचे गुणच आहेत. सागाची छिद्रं आणि रेषा डोळ्यांना सहज दिसतात. १:२४ मध्ये तीच रेषा चोवीसपट मोठी झाल्यासारखी वाटते, जणू खऱ्या होडीच्या फळीवर बोटभर रुंद भेगा आहेत. तेलामुळे गोंदही नीट धरत नाही, आणि मिलिमीटरभर जाडीची पट्टी वाकवताना फुटते. सागाचं तुम्ही खाली ठेवायचं स्टँड करा. तिथे तो शोभतो आणि वडिलांची आठवणही राहते.

फळ्यांसाठी आपल्याच जंगलात चांगली लाकडं आहेत. हळदू: पिवळसर, बारीक आणि एकसारख्या पोताचं, कोरायला नि कापायला गोड. किटमधल्या पट्ट्या खराब निघाल्या तर मी हळदूच्याच करून घेतो. गावच्या वाढईला ५ मिलिमीटर बाय १ मिलिमीटर असं माप देऊन बारीक दात्यांच्या करवतीवर काढायला सांगायचं. वाया बरंच जातं, ते धरून चालायचं. शिवण हलकी आणि न आक्रसणारी, नाळेकडची भरती करायला उत्तम. तेंदूची पानं आपण बिडीसाठी तोडतो, पण जुन्या झाडाचा गाभा आबनुसासारखा काळा निघतो. जहाजाच्या अंगावर जे काळे जाड पट्टे असतात ते त्याचे केले तर रंगही द्यावा लागत नाही. मात्र जळाऊ लाकडाच्या ढिगात किंवा वखारीतल्या तुकड्यांत मिळालं तरच घ्या, त्यासाठी झाड पाडू नका. आणि बांबू. फळ्या ठोकायच्या लाकडी खुंट्या जगभरचे जुने कारागीर बांबूच्याच करतात: काडी सोलून सोनाराकडच्या तार ओढायच्या भोकाभोकांच्या पट्टीतून एकेक भोक बारीक करत ओढायची. अर्ध्या मिलिमीटरची खुंटी निघते. पहिल्या होडीत हे सगळं लागणार नाही. पहिली होडी किटमधल्याच लाकडात करा.

सुट्टीत सुरू करायचं म्हणता, तिथे थोडं थांबा. बाहेरगावच्या पुस्तकांत हे लिहिलेलं नसतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५-४६ वर जातो आणि हवा एवढी कोरडी होते की दाराच्या फळ्या आखडतात. जुलैत तीच दारं फुगून अडकतात. मिलिमीटरभर जाडीच्या पट्टीवर याचा परिणाम लगेच दिसतो. पावसाळ्यात बसवलेल्या फळ्या उन्हाळ्यात फटी पाडतात, हे मी भोगलं आहे. उन्हाळ्यात बसवलेल्या पावसाळ्यात एकमेकींना रेटतात आणि उचकटतात. आणि तुम्ही कूलर लावून काम केलंत तर आणखी गोंधळ: कूलरच्या खोलीतली हवा ओलसर, शेजारच्या खोलीतली भाजकी, आणि मॉडेल या खोलीतून त्या खोलीत. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ फळ्या बसवायला सगळ्यात चांगला. पट्ट्या प्लास्टिकच्या पिशवीतून काढून, ज्या खोलीत मॉडेल कायमचं राहणार त्याच खोलीत पंधरा दिवस मोकळ्या ठेवा, मगच हात लावा.

सुट्टी वाया घालवू नका मात्र. त्या दीड महिन्यात सांगाडा जोडा आणि फासळ्यांच्या कडा उताराने घासून घ्या. नवशिके हे काम उरकतात आणि तिथेच फसतात. एक लवचीक पट्टी सांगाड्यावर आडवी धरा. प्रत्येक फासळीच्या पूर्ण जाडीला ती टेकली पाहिजे, नुसत्या टोकाला नाही. जिथे उजेड दिसतो तिथे पॉलिश पेपरने हळूहळू घासा. डोरीसारख्या होडीतही हे आहेच, फक्त थोडं. याला मी दोन-तीन संध्याकाळी देतो आणि घाई करत नाही.

हत्यारांचं फार सांगत नाही, वडिलांची आहेतच. त्यातली पटाशी आणि छोटा रंधा धार लावून ठेवा. शहरातून फक्त बारीक कटर, घड्याळजी वापरतात तशी हातात फिरवायची ड्रिल आणि चांगला चिमटा मागवा. फळीला चिमटे काढून वाकवणारी पक्कड विकायला असते, ती घेऊ नका. ती लाकडाचे धागे तोडते. पट्टी वीस मिनिटं गरम पाण्यात ठेवून केस सरळ करायच्या मशीनवर हळूच ओढली तर कितीतरी चांगली वाकते. गोंद साधा पांढरा फेविकॉल, धरायला कपड्यांचे चिमटे. फेविक्विक अडल्या जागी थेंबभर. सगळी होडी त्याने चिकटवली तर चुकलेली फळी काढता येत नाही. फेविकॉलची फळी ओल्या फडक्याने थोडा वेळ भिजवून काढता येते, आणि पहिल्या होडीत तुम्हाला फळ्या काढाव्या लागणारच.

टायटॅनिकबद्दल. प्लास्टिकच्या जहाजाला मी कमी लेखत नाही. त्याला हवामानाचा त्रास नाही, वाळवी लागत नाही, आणि आरमारी जहाजांची आवड असेल तर तोच रस्ता. पण १:४०० मध्ये २६९ मीटरचं टायटॅनिक सदुसष्ट सेंटिमीटरचं होतं, आणि त्याच्या शेकडो खिडक्या आणि काळ्या-पांढऱ्या रंगातली सरळ रेघ नवशिक्याच्या हाताची फार परीक्षा बघते. प्लास्टिकनेच सुरुवात करायची तर पाणबुडी घ्या. आपल्या नौदलाची सिंधुघोष वर्गाची पाणबुडी म्हणजे रशियन किलो वर्ग. १:३५० मध्ये ती एकवीस सेंटिमीटरची होते, भाग थोडे, मुख्य काम सांध्याची रेघ भरून घासायची आणि रंग एकसारखा द्यायचा. त्यातून प्लास्टिकचं जे मूळ कसब आहे ते शिकता येतं. पण तुमच्या घरी रंधा आणि पटाशी आहे, वडिलांचा हात तुम्ही बघितला आहे. मला वाटतं तुमचं मन लाकडातच लागेल.

पैशांचं एवढंच: परदेशातून मागवलं तर किटच्या किमतीवर पोस्टेज आणि कस्टमचा कर येतो, तो आधी विचारून घ्या. जमवलेल्या पैशातला तिसरा हिस्सा तरी हत्यारं, रंग आणि काचेच्या पेटीसाठी बाजूला ठेवा. फोटो फ्रेमवाला अशी पेटी करून देतो; तळाला दोन छोटी भोकं ठेवायला सांगा, म्हणजे पावसाळ्यात आत दमट साचणार नाही. कवेलूचं घर असेल तर पेटी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवू नका, वाळवी तिथूनच येते. लोखंडी कपाटावर ठेवा. नकाशाचा कागदही तिथेच, नाहीतर कसर खाते.

पार्सल आलं की त्याच दिवशी सांगाड्याच्या मधली मुख्य पाटी बाहेर काढा आणि खिडकीच्या किंवा आरशाच्या काचेवर आडवी ठेवा. एखादं टोक उचललेलं दिसलं तर लगेच फोटो काढून विक्रेत्याला पाठवा आणि बदलून मागा. बदलायला तो तयार नसेल तर पाटीच्या दोन्ही बाजूंना सरळ रेषेच्या हळदूच्या पट्ट्या चिकटवून, वर वजन ठेवून दोन दिवस तशीच राहू द्या. ती सरळ झाल्याशिवाय पहिली फासळी बसवू नका. आणि कण्यालगतची पहिली फळी बसली की दुसरी लावण्याआधी समोरून एक फोटो काढून मला पाठवा. तिथे काही चुकलं असेल तर त्याच वेळी सांगता येईल.